एक किलो नऊशे

बोळ्याचं काहीतरी बिनसलंय, हे मावशीच्या आधी तिच्या हाताला कळलं. ती फोनवर बोलत होती. सोफ्यांना कापड चढवण्याच्या ज्या कारखान्यात ती कामाला होती तिथल्या मालकाने भलत्याच रंगाचं कापड मागवून ठेवलं होतं, आणि आता गिऱ्हाइकाला तोच रंग कसा चांगला दिसेल हे मावशीने पटवून द्यावं, असा त्याचा आग्रह चालला होता. मावशी हं हं करत होती. मांडीवर ससा होता आणि हात सवयीने त्याच्या पाठीवरून फिरत होता. बोलता बोलता हात थांबला. जुन्या खुर्चीची गादी बसली की कापडाखाली लाकडाची पट्टी लागते, तसं काहीतरी केसांखाली बोटांना लागलं.

तिने फोन ठेवला. पुन्हा मानेपासून शेपटीपर्यंत हात फिरवला, या वेळी जरा दाबून. पाठीचा कणा मणी न् मणी मोजता येईल असा वर आला होता. दोन्ही बाजूंना बरगड्या होत्या, आणि मागे कमरेची दोन हाडं तर अशी टोकदार, की तिने हात मागेच घेतला. वरून बघाल तर ससा जसाच्या तसा. पांढरा, फुगलेला, गोल. सगळी गोलाई केसांची होती, आत काही नव्हतं.

 पण गेल्या रविवारीच तर वजन झालं होतं, आणि ते दर रविवारसारखंच होतं. एक किलो नऊशे.

मावशी ही खरं तर कोणाची मावशी नव्हती. दीड वर्षापूर्वी ती लग्न करून या घरात आली, तेव्हा नवऱ्याला पहिल्या बायकोची दहा वर्षांची मुलगी होती. घरात तिला सगळे टिल्ली म्हणत, कारण जन्मली तेव्हा एवढीशी होती आणि अजूनही वर्गात सर्वात पुढे तिलाच उभं करत. टिल्लीने नव्या बाईला काय म्हणायचं यावर बरीच चर्चा झाली. आई म्हणायचा प्रश्नच नव्हता, काकू टिल्लीला आवडलं नाही, शेवटी मावशीवर तडजोड झाली. पोरगी गुणी होती. सांगितलेलं ऐकायची, ताट उचलून ठेवायची, कधी उलटून बोलायची नाही. मावशीला त्या शहाणपणाचीच धास्ती वाटायची. रडली असती, आदळआपट केली असती, तर निदान आत काय चाललंय ते कळलं असतं.

ससा टिल्लीच्या आईचा. ती इस्पितळात जखमा बांधायच्या विभागात नर्स होती. एके दिवशी ती हे पिल्लू घरी घेऊन आली आणि म्हणाली, बघा, कापसाचा बोळा पडला होता, उचलून आणला. तेव्हापासून तो बोळा. पुढे ती आजारी पडली, महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळली, तेव्हा बोळा तिच्या पायाशी बसून असायचा. ती गेली त्याला आता तीन वर्षं झाली होती. बोळ्याने मावशीच्या दोन चपला आणि फोनच्या चार्जरची वायर खाल्ली होती, तरी तो घरातला मोठा माणूस होता. टिल्लीचा बाबा जहाजाच्या इंजिनखोलीत मेकॅनिक, एकदा गेला की पाच-सहा महिने तिकडेच. या खेपेला निघताना दारात बॅग खांद्यावर टाकून तो मावशीला एवढंच म्हणाला, "दोघांना सांभाळ." दोघं म्हणजे टिल्ली आणि बोळा.

वजन करायचं काम टिल्लीचं. रविवारी बाबाचा फोन यायचा, त्याच्या आधी ती स्वयंपाकघरातला काटा जमिनीवर मांडायची, त्यावर टोपली ठेवून आकडा शून्यावर आणायची, बोळ्याला टोपलीत बसवायची आणि आकडा बघायची. मग फोनवर सांगायची, एक किलो नऊशे, बाबा. पलीकडून बाबा म्हणायचा, शाब्बास, साहेब मजेत आहेत म्हणायचे. मावशीने एकदा मदतीला हात पुढे केला होता, पण टिल्ली नम्रपणे म्हणाली होती, मी करते ना. बोळ्याचं गवत, पाणी, लेंड्या काढणं, सगळं तीच करायची. मावशीला वाटायचं, करू दे, आईची आठवण आहे.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी सकाळी, टिल्ली पोहायच्या वर्गाला गेल्यावर मावशीने काटा काढला. बोळा टोपलीत निमूट बसला. हेही तिला खटकलं, कारण एरवी तिच्या हातात तो लाथा झाडायचा. आकडा थरथरला आणि थांबला. एक किलो साडेचारशे.

तिला वाटलं, काट्याची बॅटरी गेली असेल. तिने साखरेचं न फोडलेलं एक किलोचं पाकीट ठेवलं. काट्याने एक किलो दाखवलं, वर पाकिटाच्या कागदाचे चार ग्रॅम. तिने पुन्हा बोळ्याला ठेवलं. पुन्हा साडेचारशे.  सहा दिवसांत पाव किलो नव्हे, जवळजवळ अर्धा किलो गेला, दोन किलोच्या आतल्या जिवाचा. असं होतं का कधी. माणसाचं म्हणायचं तर धडधाकट माणूस आठवड्यात पाऊण उरला.

मग तिने बाकीचं बघितलं, जे आधीच बघायला हवं होतं. गवताचा भारा कोपऱ्यात तसाच पडून होता, वरची चार पाती ओढलेली. ताटलीतल्या पाल्याची कोवळी टोकं तेवढी खाल्लेली. लेंड्या वाटाण्याएवढ्या असायच्या, त्या आता मिऱ्याएवढ्या, सुकलेल्या आणि मोजक्या होत्या. तिने हनुवटीखाली बोट घातलं तर केस ओले आणि चिकट. बोळा तिच्याकडे एका डोळ्याने बघत होता आणि दात हळू कराकरा वाजवत होता. पूर्वी ती याला लाडात येणं समजायची. आज तिला तो आवाज ऐकवेना.

तिने जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. तो दुपारी बंद होणार होता. तिथल्या बाईने सोमवारी सकाळचा पहिला नंबर दिला आणि बजावलं, थोडंफार खातोय तोवर ठीक, पण खाणं पूर्ण थांबलं तर सोमवारची वाट बघू नका, मोठ्या इस्पितळात घेऊन जा, सशाचं पोट एकदा थांबलं की हातातून जातो.  मावशी कोथिंबिरीच्या काड्या घेऊन बोळ्याच्या पेटाऱ्यापुढे बसून राहिली आणि एकेक काडी त्याच्या तोंडाशी धरत राहिली. टिल्ली पोहून आली, ओले केस पुसत तिने विचारलं, मावशी, काय करतेस. मावशी म्हणाली, काही नाही, सहज. आणि दोघींनीही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

सांगावं की न सांगावं, हेच तिच्या डोक्यात घोळत होतं. आणि त्याहून मोठं म्हणजे तो आकडा. गेल्या रविवारी एक किलो नऊशे आला कुठून.

रविवारी ती स्वयंपाकघरात भाजी चिरत राहिली, पण दार अर्धं उघडं ठेवलं. टिल्लीने काटा मांडला, टोपली ठेवली, बोळ्याला बसवलं. मग ती गुडघ्यांवर वाकली. उजवा हात बोळ्याच्या पाठीवर होता, डावा टोपलीच्या काठावर. त्या डाव्या हाताचा अंगठा हळूहळू काठावर टेकला आणि दाबत गेला, आकड्याकडे बघत, थोडा, अजून थोडा. अंगठ्याचं नख पांढरं पडलं. मग तो स्थिर झाला.

फोन वाजला. टिल्ली म्हणाली, "एक किलो नऊशे, बाबा." पलीकडून हसण्याचा आवाज आला.

मावशी सुरी हातात धरून तशीच उभी राहिली. पहिल्यांदा तिला राग आला, आणि रागाबरोबर एक असा विचार आला की ज्याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली. पोरगी मुद्दाम करतेय का. ससा माझ्या राज्यात मेला असं व्हावं, म्हणून. पण तिने टिल्लीचा चेहरा बघितला होता. खोडी काढणाऱ्या मुलाचा तो चेहरा नव्हता. उंच कड्याच्या काठावर उभं राहून खाली न बघण्याचा प्रयत्न करणाऱ्या माणसाचा असावा, तसा तो होता.  राग कुठल्या कुठे गेला आणि नुसती भीती उरली, सशासाठी नाही, या मुलीसाठी. हिला विचारायचं कसं. चुकीचं काही बोलले आणि ही कायमची मिटून गेली तर.

फोनवर नवऱ्याने तिलाही विचारलं, सगळं ठीक ना. ती म्हणाली, हो, ठीक. म्हणजे आता तीही त्यात सामील झाली.

सोमवारी टिल्ली शाळेत गेल्यावर मावशीने कारखान्यात सुट्टी सांगितली आणि टोपलीवर टॉवेल बांधून दवाखाना गाठला. बसमध्ये ती दर दोन मिनिटांनी टॉवेलचं टोक उचलून बघत होती. डॉक्टर एक उंच, कमी बोलणारी बाई होती. तिने बोळ्याला टेबलावर घेतलं, डोळे मिटून दोन्ही हातांनी अंग चाचपलं, मग एक बारीक दिव्याची नळी त्याच्या तोंडात घालून बराच वेळ बघितलं.

ती म्हणाली, मागच्या दाढांना काटे फुटलेत. सशाचे दात जन्मभर वाढत राहतात, झिजले नाहीत की कडेला सुईसारखी टोकं येतात, ती जिभेत आणि गालात रुततात. गवत चावताच येत नाही, म्हणून मऊ तेवढं खातो. ते घासून काढता येतील, पण भूल द्यावी लागेल. आणि एवढ्या वाळलेल्या सशाला भूल म्हणजे धोका आहे, हे तुमच्यापासून लपवत नाही.

 मावशीने टेबलाची कड धरली.

डॉक्टरने विचारलं, वजन दर आठवड्याला करता म्हणालात ना, मग उतरलं कसं, हळूहळू की एकदम? "हळूहळू उतरलं असेल तर दातांशी जुळतं. गेल्या आठवड्यातच धाडकन पडलं असेल, तर आत आणखी काही आहे, आणि मी ते बघितल्याशिवाय भूल देणार नाही. मला आकडे हवेत."

मावशी म्हणाली, आकडे घरी आहेत. डॉक्टरने दुखणं कमी करायचं औषध पाजलं, भुकटीची पातळ लापशी बिनसुईच्या पिचकारीने कशी भरवायची ते दाखवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यायला सांगितलं. बोळ्याच्या पुढच्या पायावर रक्त काढायला केस कापले होते, तिथे गुलाबी कातडी उघडी पडली होती. परतीच्या बसमध्ये मावशीने त्या जागेवर बोट ठेवलं आणि घर येईपर्यंत उचललं नाही.

टिल्ली शाळेतून आली तेव्हा मावशी दिवाणखान्यात जमिनीवर बसली होती. टोपली, टॉवेल, पिचकारी आणि औषधाची बाटली समोरच होती. तिला ते सगळं लपवता आलं असतं, पण तिने लपवलं नाही. टिल्ली दारातच थांबली, पाठीवर दप्तर तसंच.

"गेला का तो?"

"नाही. पेटाऱ्यात आहे. झोपलाय."

टिल्ली धावत जाऊन बघून आली आणि पुन्हा दारातच उभी राहिली, जणू हे घर दुसऱ्याचं आहे. मावशीने सगळं सांगितलं. दाढांचे काटे, भूल, धोका, काही गाळलं नाही. शेवटी म्हणाली, "मी रागावलेली नाही. तुझा अंगठा मी बघितला. डॉक्टरांना फक्त खरे आकडे हवेत. अंगठा लावायच्या आधी काटा काय दाखवायचा?"

 खाली रस्त्यावरून एक गाडी मागे घेताना पीं पीं करत गेली. मग टिल्लीने नजर फरशीवर ठेवून, पाढे म्हणावेत तसं, एका सुरात सुरू केलं. अठराशे सत्तर. अठराशे चाळीस. अठराशे दहा. सतराशे साठ. एकही आकडा अडखळला नाही. खाली खाली येत ती चौदाशे साठपर्यंत आली आणि थांबली. म्हणाली, "हा काल."

कुठेही लिहून ठेवलेलं नव्हतं. एवढे आठवडे ते सगळे आकडे ही मुलगी डोक्यात घेऊन शाळेत जात होती, पोहायला जात होती, ताट उचलून ठेवत होती.

मावशीने विचारलं, "मला का नाही सांगितलंस?"

"आकडा तोच असला की बाबा हसतो."

मग, विचारलेलं नसताना, ती म्हणाली, "आई पण करायची."

मावशीने समोरची पिचकारी बाजूला सरकवली.

"आईचं पण रविवारी वजन करायचं असायचं. बाबाचा फोन आला की सांगायला. ती काट्यावर उभी राहायची तेव्हा गाऊनच्या खिशात चाव्या ठेवायची. दाराच्या, कपाटाच्या. मग आणखी काही काही. मी आणून द्यायचे. ती म्हणायची, बाबा लांब आहे, त्याला तिकडे भीती वाटायला नको." टिल्लीने दप्तराचा पट्टा मुठीत आवळला. "मग एका रविवारी ती काट्यावर उभीच राहिली नाही. म्हणाली, आज नको. आणि मग ती गेली."

 जवळ घ्यावं तर मुलगी दारात, आणि दीड वर्षात त्या दोघींमध्ये तेवढी पायवाटही पडली नव्हती. लहान मुलाला समजावतात तसं काही बोलायचं मावशीच्या मनात आलं, पण ते खोटं वाटलं. मग जे खरं होतं तेच तोंडातून निघालं.

"मी शुक्रवारपासून नुसती घाबरलेय," ती म्हणाली. "मला वाटतंय, तो माझ्या हातात जाणार, आणि तू मला कधी माफ करणार नाहीस."

टिल्लीने पहिल्यांदा मान वर केली. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, मोठी माणसंही या भानगडीत असतात हे कळल्यासारखं. "मला वाटलं," ती म्हणाली, "तू बाबाला सांगशील, की मी नीट बघितलं नाही." आणि तेव्हा तिचा चेहरा वेडावाकडा झाला. ती दप्तरासकट खाली बसली आणि रडायला लागली. आवाज न करता, सगळं अंग हलवत. मावशी गुडघ्यांवर सरकत तिच्यापर्यंत गेली. आधी दप्तराचे पट्टे सोडवले. दप्तराच्या मागे, शर्टखाली, मुलीच्या पाठीचाही मणी न् मणी हाताला लागला, आणि मावशीला कळलं की गेले कित्येक आठवडे ताट उचलून ठेवलं जात होतं ते अर्धं भरलेलंच. तेही तिने बघितलं नव्हतं. ती मुलीला धरून राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी घेऊन दोघी मिळून गेल्या. टिल्लीने डॉक्टरसमोर पुन्हा आकडे म्हटले. डॉक्टरने ते ऐकून मान हलवली, हळूहळूच आहे, दातांचंच आहे, रक्तही बरं आलंय. मग तिने टिल्लीला जवळ बोलावलं. म्हणाली, काट्याचं कधी कधी चुकतं, हाताचंही चुकतं, म्हणून दोन्ही बघायचं. तिने टिल्लीला मूठ वळायला लावली आणि बोटांच्या गाठींवरून दुसऱ्या हाताची बोटं फिरवायला सांगितली. पाठ अशी लागली तर फार वाळलाय. मग हात सरळ करून पंजाच्या मागची बाजू, अशी लागली तर ठीक. आणि तळव्याची गादी लागली तर साहेबांचं खाणं कमी करा. टिल्लीने बोळ्याच्या पाठीवरून बोटं फिरवली आणि मूठ बघितली. ओठ घट्ट मिटले. पण हात मागे घेतला नाही.

बोळ्याला आत नेलं आणि दार लागलं. बाहेर प्लास्टिकच्या चार खुर्च्या होत्या, भिंतीवर कुत्र्यांच्या गोचिडांचं चित्र. एक म्हातारे गृहस्थ पिंजऱ्यातल्या पोपटाशी हळू आवाजात भांडत बसले होते. मावशीची नजर दारावरून हटत नव्हती.  तिला वाटत होतं, आता डॉक्टर बाहेर येईल, मास्क खाली करेल, आणि तिच्या तोंडाकडे बघूनच कळेल. टिल्ली ताठ बसून होती. एकदाच तिने विचारलं, भुलीत दुखतं का. मावशी म्हणाली, नाही, झोप लागते. टिल्ली म्हणाली, आईलाही असंच सांगितलं होतं.  मावशीने हात पुढे केला, टिल्लीने तो घेतला आणि इतका आवळला की बोटं दुखायला लागली. मावशीने दुखू दिलं.

डॉक्टर बाहेर आली तेव्हा तिच्या हातात टॉवेलमध्ये गुंडाळलेला बोळा होता, मान लुळी, डोळे अर्धे उघडे. मावशी उठून उभी राहिली आणि तिला वाटलं संपलं. पण टॉवेल वरखाली होत होता. डॉक्टर म्हणाली, मध्ये एकदा श्वास मंदावला होता, पण सावरला. आता खरी परीक्षा पुढे आहे. उबेत ठेवा, लापशी भरवत राहा, आणि लेंड्या पडतायत का बघा. पोट चालू झालं तर तो तुमचा.

तो दिवस आणि दुसरा दिवस कसा गेला हे दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. बोळा गरम पाण्याच्या पिशवीला टेकून, गाठोड्यासारखा बसून होता. मावशी धरायची आणि टिल्ली गालाच्या कडेने पिचकारी घालून थेंब थेंब सोडायची, कारण तिचे हात लहान आणि स्थिर होते. अर्धी लापशी छातीवर सांडायची. पेटाऱ्यात अंथरलेला पांढरा कपडा दोघी येता-जाता बघायच्या. कपडा कोराच राहायचा. टिल्ली खेळण्यातल्या बाहुलीच्या कंगव्याने त्याच्या हनुवटीचे केस साफ करायची. मावशी वाटी घेऊन बसली की आधी टिल्लीच्या तोंडात चार घास घालायची, मग बोळ्याला, आणि म्हणायची, दोघांचं उरकलं की मी जेवणार. टिल्लीला पहिल्यांदा ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी तिने मुकाट्याने खाल्लं.

दुसऱ्या दिवशी दुपारी टिल्लीने स्वयंपाकघरात येऊन मावशीचा पदर ओढावा तसा कुडत्याचा कोपरा ओढला. तशीच ओढत घेऊन गेली. पांढऱ्या कपड्यावर तीन लेंड्या पडल्या होत्या, बारीक, वेड्यावाकड्या. दोघी त्यांच्यासमोर उकिडव्या बसल्या आणि सोन्याच्या गोळ्या बघाव्यात तशा बघत राहिल्या. मावशीला हसू आवरेना, आणि हसता हसता डोळ्यांतून पाणी यायला लागलं. बोळा कोपऱ्यात गवताची एक काडी तोंडात धरून होता. काडी हळूहळू आत जात होती.

रविवारी टिल्लीने काटा मांडला. मावशी समोर बसली. टिल्लीने दोन्ही हात मागे घेतले. चौदाशे दहा. आधीपेक्षाही कमी. डॉक्टरने सांगितलं होतं, पहिल्यांदा आणखी उतरेल, तरीही दोघींनी आकडा दोनदा वाचला. फोन वाजला. टिल्लीने तो उचलला, मावशीकडे बघितलं आणि म्हणाली, "बाबा, चौदाशे दहा." आणि मग एका दमात सगळं, अंगठ्यासकट. चाव्यांचं मात्र बोलली नाही. पलीकडे इतकी शांतता पसरली की मावशीला वाटलं फोन तुटला. मग जहाजावरून आवाज आला, "बरं केलंस सांगितलंस." आवाज हसरा नव्हता. टिल्लीच्या चेहऱ्यावर भीती उमटली, पण फोन तिने खाली ठेवला नाही.

वजन परत यायला फार वेळ लागला. कधी दहा ग्रॅम चढायचं, कधी पाच उतरायचं, आणि उतरलं की घरात जेवण गोड लागायचं नाही. डॉक्टर म्हणाली, दाढा पुन्हा वाढणारच, दर काही महिन्यांनी घासाव्या लागतील, दर वेळी भूल, दर वेळी थोडा धोका. मावशीने ते ऐकून घेतलं. तिला वाटलं होतं की हे एकदाचं संपेल. ते संपणारं नव्हतं.

टिल्लीचा बाबा सुट्टीवर आला तेव्हा बोळा पावणेदोन किलोवर होता. दोन दिवस त्याने सशाला मांडीवरून उतरवलं नाही. तिसऱ्या दिवशी टिल्ली त्याला म्हणाली, बाबा, मला काही सांगायचंय, आणि दोघं आतल्या खोलीत गेले. मावशी दिवाणखान्यात बसून राहिली. आतून आधी टिल्लीचा आवाज आला, मग काहीच नाही.  तिला वाटलं, मेलेल्या बाईची एवढीशी गोष्ट या माणसापासून राखून ठेवली असती तर काय बिघडलं असतं.

तो बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. तो मावशीच्या शेजारी बसला. म्हणाला, "मला शंका यायची. फोनवर बोलताना ती चालली की काहीतरी वाजायचं. विचारायचा धीर झाला नाही." मग त्याने आपले काळे पडलेले, तेलाचे डाग न गेलेले हात बघितले आणि विचारलं, "टिल्ली जेवते ना नीट?"

"आता जेवते," मावशी म्हणाली. "पण मी बघत असते."

आतून टिल्लीने हाक मारली, मावशी, बोळा पडद्यामागे गेलाय, तुझी नवी चप्पल घेऊन. मावशी उठली.